पांडुरंगाच्या दारातले मास्तर

या स्मरणिकेत दिंडीच्या मूळपुरुषांबद्दल, विणेकऱ्यांबद्दल, मुक्कामाच्या गावी वर्षानुवर्षं भाकरी वाढणाऱ्या घरांबद्दल इतरांनी लिहिलं आहेच. मला समितीनं सांगितलं, की मास्तर, तुम्ही इतिहासाचं काहीतरी द्या. तेव्हा ज्यांनी आपल्या दिंडीत कधी वीणा घेतली नाही, पताका धरली नाही, अशा एका माणसाबद्दल लिहितो. ते फडकरी नव्हते आणि कीर्तनकारही नव्हते. ते शाळामास्तर होते. पण ते नसते तर आपल्या दिंडीतली निम्मी माणसं आज विठुरायाच्या पायांवर डोकं ठेवू शकली असती की नाही, याचा विचार करून पाहा. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव साने. सगळा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो.

आपण दिंडीची शंभर वर्षं साजरी करतोय. त्यातली पहिली वीसेक वर्षं कशी होती हे तरुण पोरांना ठाऊक नसतं, म्हणून ते आधी सांगतो. तेव्हाही लोक चालायचे, भजन व्हायचं, रिंगण व्हायचं. गावातली महार, मांग, चांभार मंडळीही चालायची. पण बहुतेक दिंड्यांतून त्यांची पंगत वेगळी, पाणी वेगळं, मुक्कामाची जागा वेगळी. आळंदीपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास सगळ्यांचे पाय सारखेच झिजायचे. पंढरपुरात आल्यावर चंद्रभागेत स्नान व्हायचं, प्रदक्षिणा व्हायची, आणि महाद्वाराशी आल्यावर वाट दोन ठिकाणी फुटायची. काही जण नामदेव पायरीवरून आत जायचे. उरलेले तिथंच, चोखोबांच्या समाधीपाशी थांबायचे, कळसाकडे पाहून हात जोडायचे आणि परत फिरायचे.

चोखोबांची समाधी तिथं का आहे, हे वारकऱ्याला सांगायला नको. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, चोखोबा आणि त्यांच्याबरोबरची माणसं गाडली गेली, नामदेवराय तिथं गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या त्यांनी पंढरीला आणल्या, अशी परंपरा आहे. समाधी झाली ती महाद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या बाहेर. एवढा मोठा भक्त, पण जागा दाराबाहेर. आणि त्याच्यानंतर सहाशे वर्षं त्याच्या जातीची माणसं त्याच्याच शेजारी उभी राहून परत गेली. आपल्या पांडुरंगाचं वैशिष्ट्य काय, तर त्याच्या पायांवर थेट डोकं ठेवता येतं. राजा असो की रंक, पायाला स्पर्श. मग हे 'कुणीही' म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न सहाशे वर्षं त्या पायरीवर बसून होता.

त्या प्रश्नाला हात घालणारा माणूस जन्मला कोकणात. दापोलीजवळचं पालगड हे त्यांचं गाव, २४ डिसेंबर १८९९ ही जन्मतारीख. घराणं खोताचं, पण वैभव उतरणीला लागलेलं. वाटण्या, कर्ज, अखेर घरावर जप्ती. आई यशोदाबाई. ही आई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, कारण पुढं या मुलानं तिच्या आठवणी लिहिल्या आणि 'श्यामची आई' घरोघरी पोचली. त्या पुस्तकातला एक प्रसंग इथं मुद्दाम सांगतो. एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावरची मोळी खाली पडलेली असते. तिला ती एकटीला उचलवत नाही, आणि रस्त्यानं जाणारे-येणारे विटाळाच्या भीतीनं हात लावत नाहीत. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून तिच्या डोक्यावर दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

मी चाळीसेक वर्षं मुलांना हे पुस्तक वाचून दाखवलं. दर वेळी एखादं पोर विचारायचंच, 'गुरुजी, मग आंघोळ कशाला?' पोराचा प्रश्न बरोबर होता. त्या काळात त्या आईनं तेवढं केलं हेच फार होतं. लोक काय म्हणतील याचा विचार बाजूला ठेवून तिनं मुलाला मोळीला हात लावायला पाठवलं. पण आंघोळ उरलीच. आईनं अर्धी वाट दाखवली. उरलेली अर्धी वाट मुलाला चालायची होती, आणि ती त्याला पालगडहून फार फार लांब घेऊन गेली.

शिक्षणासाठीच त्यांची भटकंती सुरू झाली. पालगड, मग दापोलीची मिशन शाळा. फीला पैसे पुरेनात म्हणून गरिबाच्या पोराची सोय होते असं ऐकून औंध संस्थान गाठलं. तिथं हातानं स्वयंपाक करून, अर्धपोटी राहून शिकले, तर प्लेग आला आणि गाव सोडावं लागलं. मग पुणं. १९१७ साली आई गेली. शेवटच्या भेटीला हा मुलगा जवळ नव्हता, ते दुःख जन्मभर राहिलं. १९१८ ला मॅट्रिक, पुढं बी.ए., आणि १९२४ ला एम.ए. इतकं शिकलेला माणूस त्या काळी सरकारी नोकरीत मोठा साहेब झाला असता. हे गेले खानदेशात, अमळनेरला. आधी तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात आणि मग प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर म्हणून.

अमळनेर म्हणजे आपल्यातल्यांचंच गाव. बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांचं संस्थान आहे, वैशाखात रथ निघतो, यात्रा भरते, आणि तिथून पायी वारी पंढरपूरला जाते. अशा गावात गुरुजींनी शाळेची सहा वर्षं काढली. पुढं त्यांनी जे जे केलं त्याचं मूळ या सहा वर्षांत आहे असं माझं मत आहे, म्हणून जरा थांबतो.

शाळेच्या वसतिगृहाचं, म्हणजे छात्रालयाचं काम त्यांच्याकडं आलं. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं, बहुतेक पहिल्यांदाच घर सोडून आलेली. वसतिगृहाचा प्रमुख म्हटलं की हातात छडी आणि कपाळाला आठ्या, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढं येतं. गुरुजी मुलांच्या खोल्या झाडायचे. मुलं शाळेत गेली की त्यांचे पसरलेले अंथरुणं-कपडे घड्या घालून ठेवायचे. मळलेले सदरे धुवायचे. कुणी आजारी पडलं की रात्र उशाशी काढायचे. ओरडायचे नाहीत. मुलं परत येऊन बघायची तर खोली लख्ख. दुसऱ्या दिवशी लाजून स्वतःच झाडू घ्यायची. आणि रोज एक हस्तलिखित दैनिक. होय, रोज! 'छात्रालय दैनिक' असं त्याचं नाव. गुरुजी स्वतःच्या हातानं लिहायचे आणि मुलं उठायच्या आत ते फळ्यावर लागलेलं असायचं. जगातल्या बातम्या, थोरांच्या गोष्टी, आणि काल छात्रालयात कोण कसं वागलं त्याबद्दल दोन प्रेमाचे शब्द. पुढं 'विद्यार्थी' नावाचं मासिकही काढलं.

मी स्वतः मास्तरकी केली आहे. तीस मुलांच्या वह्या तपासतानाच रात्रीचे अकरा वाजतात. रोज एक दैनिक हातानं लिहायचं ही गोष्ट बोलायला सोपी आहे. हा माणूस ते का करत होता? दुसऱ्याचं मन बदलायचं तर त्याला शिक्षा करून उपयोग नाही, त्याचं काम आपण करायचं, त्रास आपण घ्यायचा, आणि वाट बघायची, हा त्यांचा शिकवण्याचा मार्ग होता. हे नीट लक्षात ठेवा. पंढरपूरला त्यांनी केलं ते हेच, फक्त तिथं खोली मोठी होती.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला आणि गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला. नोकरीतला मास्तर संपला, आणि फिरता मास्तर सुरू झाला. पहिला मुक्काम धुळ्याचा तुरुंग, तिथून पार तामिळ मुलखात त्रिचनापल्लीचा. त्या तुरुंगात दक्षिणेकडचे निरनिराळ्या भाषा बोलणारे राजबंदी होते. गुरुजी त्यांच्या भाषा शिकायला बसले. तिरुवळ्ळुवरांचा 'कुरल' त्यांनी पुढं मराठीत आणला. आपल्याला जशी ज्ञानेश्वरी, तसा तो तामिळ माणसाला. शेजाऱ्याच्या घरात काय धन आहे हे आपल्याला माहीतच नाही, ही खंत त्यांना तिथं लागली, आणि पुढं आयुष्यभर त्यांनी तिचा पाठपुरावा केला.

१९३२ ला पुन्हा धुळ्याचा तुरुंग. तिथं विनोबाही होते. विनोबांनी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर एकेक प्रवचन दिलं, अठरा अध्यायांवर अठरा. २१ फेब्रुवारी ते १९ जून असा तो काळ. विनोबा बोलायचे आणि गुरुजी भराभर उतरून घ्यायचे. आज आपण 'गीता प्रवचने' वाचतो, किती भाषांत ती गेली, ती गुरुजींच्या लेखणीतून उतरली म्हणून. दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेणं हे लेखनिकाचं काम. स्वतः एवढा लेखक असून ते त्यांनी हौसेनं केलं. त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली. दिवसा सक्तमजुरी, रात्री लिहिणं. आपल्या माणसांना वाटतं पुस्तक लिहायला निवांतपणा लागतो, टेबल-खुर्ची लागते.

सुटल्यावर सगळा पूर्व खानदेश पायाखाली घातला. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्याच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव हिंडले. अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं. शेतकऱ्याच्या साऱ्याचा प्रश्न असो, गिरणी कामगाराच्या मजुरीचा असो, हे मध्ये असायचेच. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहिले, १९४३ ला पकडले गेले, १९४५ ला सुटले. हा सगळा भाग मी भराभर सांगतो आहे, कारण मला पंढरपूरला पोचायचं आहे.

१९४६ साल. इंग्रज जाणार हे दिसू लागलं होतं. पुढारी मंडळींचं लक्ष दिल्लीकडे, मुंबईकडे. अशा वेळी या माणसाच्या मनात भलतंच काही घोळत होतं. स्वराज्य येतंय, पण ज्या देवाला सगळा महाराष्ट्र मायबाप म्हणतो त्याच्या दारातच आपली काही भावंडं अडवलेली आहेत. मग ते स्वराज्य कुणाचं? कार्तिकी एकादशीलाच पंढरपुरात उपोषणाला बसायचं असं त्यांनी ठरवलं. सहकाऱ्यांनी थांबवलं. म्हणाले, आधी लोकांना विचारा, लोकमत तयार करा, मग बसा. गुरुजींना ते पटलं, उपोषण सहा महिने पुढं गेलं.

त्या सहा महिन्यांत गुरुजींनी महाराष्ट्र पिंजून काढला. बरोबर सेनापती बापट. एक मुळशीच्या सत्याग्रहाचा म्हातारा सेनापती, दुसरा हळव्या डोळ्यांचा मास्तर. सोबत राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलं, त्यांचं कलापथक, गाणी, पोवाडे. आपण गावातून निघून देवाकडे जातो. हे देवाचं गाऱ्हाणं घेऊन गावाकडं जात होते. जिल्ह्यामागून जिल्हा, सभेमागून सभा. गुरुजी बोलायला उभे राहिले की बोलता बोलता त्यांचे डोळे भरायचे, आणि समोरच्या बायाबापड्यांचेही. काही शहाणे लोक त्या रडण्याला हसले. आजही हसतात. मला विचाराल तर कीर्तनात अष्टसात्त्विक भाव उभे राहतात तेव्हा आपण कीर्तनकाराच्या पाया पडतो. मग मास्तराचे डोळे भरले तर हसू का यावं?

या दौऱ्यातली मोठी गोष्ट ही, की गुरुजी लोकांकडे नुसता पंढरपूरसाठी कौल मागत नव्हते. तुमच्या गावचं देऊळ आधी उघडा म्हणत होते. तुमची विहीर उघडा, पाणवठा उघडा. आणि गावंच्या गावं तसं करत गेली. कुठं मारुतीचं देऊळ, कुठं विहीर. कुठं सभेच्या दिवशीच सगळ्यांनी मिळून दर्शन घेतलं. सगळीकडे हार-तुरे मिळाले असं नाही, विरोधही झाला. पण पंढरीचं महाद्वार उघडण्याआधी महाराष्ट्रातल्या खेड्यांनी आपापली लहान दारं उघडली होती, हे आपण गावकऱ्यांनी विसरू नये. बडव्यांच्या मनावर शेवटी वजन पडलं ते त्याचंही.

आता एक गोष्ट सरळ लिहिली पाहिजे, नाहीतर हा इतिहास अर्धाच राहील. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या सगळ्यांनाच देवळाची ओढ उरलेली नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० पासून पाच वर्षं नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह करून पाहिला होता. दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. माता रमाईंना पंढरपूरला जायची फार इच्छा होती, तेव्हा जी पंढरी आपल्याला दाराबाहेर ठेवते तिथं कशाला जायचं, आपण दुसरी पंढरी निर्माण करू, अशा अर्थाचं बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं होतं. तेव्हा १९४७ ला पुष्कळ शिकलेली दलित मंडळी म्हणत होती, आम्हाला देऊळ नको, शिक्षण द्या, नोकरी द्या, जमीन द्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. इतकी वर्षं दाराशी ताटकळलेल्या माणसाला दार उघडताना 'ये' म्हणायला उशीरच झाला होता. गुरुजींना हे कळत होतं. पण त्यांचं गाऱ्हाणं मुळात दाराबाहेरच्यांकडे नव्हतंच, आत उभं असलेल्यांकडे होतं, म्हणजे आपल्यासारख्यांकडे. पंढरपूर हे महाराष्ट्राचं काळीज, तिथली गाठ सुटली तर गावागावातली सुटेल, असं ते मानत. चोखोबांच्या समाधीपाशी थांबणारे वारकरी तर तेव्हाही हजारोंनी येतच होते. त्यांचं काय, हाही प्रश्न होताच.

१ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झालं. ऐन उन्हाळा, पंढरपूरचं ऊन आपल्याला माहीत आहे. जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. हे नाव आपण वारकऱ्यांनी अभिमानानं घ्यावं. तेव्हा वारकऱ्यांत, फडांत, महाराज मंडळींत दोन तट होते. एका बाजूला धर्म बुडाला म्हणणारे, दुसऱ्या बाजूला संतांचाच हा धर्म म्हणणारे. अशा वेळी एका महाराजानं मठाचं दार उघडलं, म्हणजे सगळ्यांचा रोष अंगावर घेतला. गावात विरोधाच्या मिरवणुका निघत होत्या. सान्यांनी भीमा ओलांडून परत जावं, विठ्ठलाचं दार उघडणार नाही, अशा घोषणा व्हायच्या. इकडे मठात भजन चाललेलं. गुरुजी खाटेवर पडून ते ऐकत.

त्यातच गांधीजींची तार आली. हे उपोषण योग्य नाही, सोडा, असं त्यांचं म्हणणं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की कायदा होणारच आहे, हा हट्ट कशाला. विचार करा, ज्या गांधींसाठी नोकरी सोडली, तुरुंग भोगले, तेच सांगताहेत सोड म्हणून. गुरुजींची कोंडी झाली, पण ते उठले नाहीत. नम्रपणे बापूंना कळवलं आणि पडून राहिले. गुरूचा शब्द मोडायचा आणि गुरूवरची श्रद्धाही मोडू द्यायची नाही, हे फार थोड्यांना जमतं. दादासाहेब मावळंकर तेव्हा दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होते. ते मध्ये पडले, पंढरपूरला आले, बडवे मंडळींशी बोलले. अखेर बडव्यांनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

कुणी म्हणेल, कायदा होणारच होता, मग दहा दिवस पोट कशाला जाळलं? मला वाटतं छात्रालयाचं उदाहरण इथं लागू पडतं. नियम लावून खोली झाडून घेता आली असती. गुरुजींना मुलानं आपण होऊन झाडू घ्यायला हवा होता. पोलीस उभा करून दार उघडणं एक, आणि आतल्या माणसानं कडी काढणं एक.

सगळ्यांनीच कडी काढली असंही झालं नाही. विटाळ व्हायच्या आधी काही मंडळींनी मंत्र म्हणून मूर्तीतलं देवत्व एका घागरीत काढून ठेवलं, अशी गोष्ट पंढरपुरात सांगतात. पुढं कित्येक वर्षं काही सोवळे लोक देवळात जायचे बंद झाले होते म्हणे. ऐकून आपल्याला हसू येतं. अठ्ठावीस युगं जो विटेवर उभा आहे तो घागरीत मावला असता तर आपण त्याच्यासाठी एवढं चाललो असतो का? पण त्या घागरीची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. मनातली घागर फोडणं दार उघडण्याहून अवघड. त्याच सुमारास इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या. एकाच दिंडीत जातीजातीच्या पंगती वेगळ्या बसतात हे पाहून त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लिहूनही ठेवलं. म्हणजे सोळखांबीत सगळे एकत्र, आणि पंक्तीत वेगळे. आपल्या दिंडीत आज एकच चूल, एकच पंगत आहे. ती आपोआप झालेली नाही. कुणीतरी पहिल्यांदा शेजारी बसलं, कुणीतरी उठून गेलं, आणि तरी बसणारा बसूनच राहिला, तेव्हा झाली.

पुढचं थोडक्यात. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला. मारणारा मराठी माणूस होता, याचं प्रायश्चित्त म्हणून गुरुजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं, ते आजही निघतं. त्रिचनापल्लीला मनात रुजलेलं बी 'आंतरभारती' या नावानं वर आलं. प्रांताप्रांतातल्या माणसांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावं, अशी ती कल्पना. पैसा नव्हता, प्रकृती साथ देत नव्हती, आणि भोवतालचा देश त्यांना हवा तसा घडत नव्हता. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपल्या हातानं जीवनयात्रा संपवली. वय अवघं पन्नास. यावर फार लिहू नये असं मला वाटतं. ज्यानं इतक्या पोरांच्या उशाशी रात्री काढल्या त्याच्या उशाशी त्या रात्री कुणी नव्हतं, एवढंच मनाला लागतं.

मंदिराचा इतिहास मात्र तिथं थांबला नाही. १९७३ साली पंढरपूर मंदिराचा कायदा झाला, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क काढून घेण्यात आले. त्यावर खटले चालत राहिले आणि २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं शेवटचा निकाल दिला. चोखोबांची समाधी अजून तिथंच आहे, नामदेव पायरीच्या समोर. आधी तिथं माथा टेकायचा आणि मग दर्शनबारीला लागायचं, हा आपल्या दिंडीचा रिवाज आहे. जुनी मंडळी सांगायची, की पूर्वी जे तिथूनच परत फिरायचे त्यांच्यासाठी हा रिवाज धरला.

तनपुरे महाराजांचा मठही पंढरपुरात आहे. यंदा आषाढीला दर्शनबारी लांब असली, हातात दोन-चार तास असले, तर तरुण पोरांना घेऊन तिकडे जाऊन या. मठाची वाट कुणीही दाखवेल. जाताना 'श्यामची आई' पडशीत असू द्या, आणि मोळीचा प्रसंग तिथं बसून वाचा. पोरांनी आंघोळीचा प्रश्न विचारलाच, तर उत्तर द्यायला आपण तिथंच बसलेलो असू.

राम कृष्ण हरि.